नोंद सापडली का?

२०२३ च्या दिवाळीत आमच्या गावात 'फराळ झाला का' असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. पारावर, एसटीत, डेअरीच्या रांगेत एकच प्रश्न होता, "नोंद सापडली का?" कसली नोंद, कुणाची, हे सांगावं लागत नव्हतं. मराठा आरक्षणासाठी झालेलं अंतरवाली सराटीचं उपोषण गाजलं होतं. पाठोपाठ सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आधी मराठवाड्यातली, मग राज्यभरातली दप्तरं 'कुणबी' या तीन अक्षरांसाठी चाळली जाऊ लागली. पुढं काही महिन्यांत पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. ज्या कागदांकडं आजवर वाळवीखेरीज कुणी फिरकलं नव्हतं, त्यांना एकाएकी माणसं भेटायला येऊ लागली.

मीही त्यातलाच. पुतण्याच्या प्रवेशासाठी कुणबी दाखल्याचं काम होतं. भाऊ म्हणाला, "दादा, तू लिहितोस-वाचतोस, तूच बघ." लिहिता-वाचता येणं आणि मोडी येणं यांत किती अंतर आहे ते तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी गेलो पणजोबांची जात शोधायला. दोन वर्षं झाली, शोधतोय पणजीचं नाव.

आमचं गाव वाई तालुक्यातलं. घराण्याचा इतिहास विचारला की आमच्याकडं प्रत्येक जण छाती काढून थेट शिवकाळात जातो. मध्ये कोण कोण झालं, ते मात्र आजोबांच्या मागं कुणाला सांगता येत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा पराक्रमी पूर्वज पाठ, आणि शंभर वर्षांपूर्वीचा पणजा विस्मृतीत. हे आमचंच नाही, चार घरं विचारून बघा.

*

सुरुवात शाळेपासून करतात, मीही केली. शाळेचं जनरल रजिस्टर, ज्याला जुने मास्तर दाखल-खारीज म्हणतात, हा खेड्यातल्या माणसाचा पहिला जाहीर जन्म. खरा जन्म कधी झाला याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. पोरगं डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरू शकलं की ते सहा वर्षांचं, हा हिशेब. मग जूनच्या एक तारखेला जन्मलेली अख्खी पिढी तयार होते. आमच्या घरात वडील, दोन काका आणि एक आत्या असे चौघं १ जूनचे आहेत. आडनावाचंही तेच. मास्तरांनी कानाला लागलं तसं लिहिलं.

पण रजिस्टरातली एक ओळ काय करू शकते हे बघायचं असेल तर साताऱ्याला जावं. तिथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरातला अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. वडिलांचं आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. गावावरून पडलेलं आडनाव शाळेच्या वहीतून पुढं जगभर गेलं. आता हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हजारो पोरांच्या नोंदींमध्ये ती तशीच एक नोंद होती. लिहिणाऱ्या कारकुनानं त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही दिवसासारखाच टाक शाईत बुडवला असणार.

आमच्या आजोबांची शाळेतली नोंद सापडली. जातीच्या रकान्यात 'मराठा'. भावाचा चेहरा पडला. तिथून मागं जायचं तर शाळा संपते. पणजोबा शाळेत गेलेच नव्हते.

*

शाळा संपली की महसूल सुरू होतो. आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. विलायतेत आपला वंश शोधणाऱ्याला जुन्या जनगणनेची पानं मिळतात, घरोघरच्या माणसांची नावं वयासकट. आपल्याकडंही १८८१ पासून दर दहा वर्षांनी माणसं मोजली. बेरजा छापल्या, पण घरोघरची नावं पुढं कुणाला बघायला उरली नाहीत. म्हणजे पूर्वज मोजला गेला, पण त्याच्या नावानिशी नाही. त्याचं नाव राहिलं ते जिथं त्याच्याकडून काही येणं होतं तिथं. साऱ्याचं येणं, कर्जाचं येणं, किंवा तो मेला म्हणून त्याच्या जमिनीला नवा देणेकरी हवा होता, तिथं.

त्यामुळं तहसिलीच्या अभिलेख कक्षात शिरताना आपण वंशवृक्ष शोधतोय हे विसरावं आणि जमिनीचा नंबर शोधावा. माणसं बदलतात, जमीन जागची हलत नाही. नंबर मात्र बदलतो. आज सातबाऱ्यावर जो गट नंबर आहे, तो १९४७ च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण झालं त्यानंतरचा. त्याच्या आधी सर्व्हे नंबर होता. गटावरून सर्व्हे नंबरावर जायला एकत्रीकरणाचा उतारा लागतो. तो हाती आला की मग फेरफार, कडईपत्रक, आकारफोड, गुणाकार बुक, सूड अशी एकेक पायरी उतरत इंग्रजांच्या मोजणीपर्यंत जाता येतं. ही मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी बसवली आणि तीच पुढं मुंबई इलाखाभर गेली.

या सगळ्या कागदांत माझा लाडका म्हणजे फेरफार, गाव नमुना सहा. सातबारा तुम्हाला सांगतो की आज मालक कोण. फेरफार सांगतो की काल काय झालं. कोण मेलं, कुणी हिस्सा सोडला, कुणी कर्ज काढलं, कुणी भावाला कोर्टात खेचलं. चार ओळींची गोष्ट, खाली पंचांच्या सह्या आणि अंगठे. त्यातले संक्षेप कळायला लागले की घर दिसायला लागतं. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, थोरला भाऊ. खाली धाकट्यांची नावं नाहीत, म्हणजे अजून वाटण्या व्हायच्या आहेत. 'बिन' म्हणजे मुलगा, मराठवाड्यात त्याच जागी 'वलद'. 'कोम' म्हणजे बायको. आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन करणार. हे तीन अक्षरी शेपूट दिसलं की समजावं, या घरात बाप लवकर गेला.

आमच्या फेरफारात ते शेपूट होतं. साल १९१९. पणजोबा मयत. वारस मुलगा, वय वर्षं तीन, अ.पा.क. आई. आणि आईचं नाव. ते नदीचं होतं. वाईकडच्या निम्म्या बायका त्या एका नदीच्या नावानं वावरल्या, तेव्हा त्यातून फारसं काही कळत नाही. तरी मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो. शेजारच्या टेबलावरच्या मदतनीस बाईंनी विचारलं, "सापडली का नोंद?" मी हो म्हणालो. जात मिळाली नव्हती.

*

जात हवी असेल तर मरण शोधावं लागतं. गाव नमुना चौदा, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं याची वर्दी कोतवालानं द्यायची आणि ती गावच्या दप्तरात चढायची. तारीख, बापाचं नाव, जात, मेला असेल तर वय आणि रोग. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं नवी पद्धत आली, तोवर खेड्यातल्या माणसाची येण्या-जाण्याची हीच वही. कुणबी नोंदींच्या शोधात सगळ्यांत जास्त हात लागले ते याच वहीला.

वही मोडीत. मोडी मी पुण्याला एका निवृत्त मास्तरांकडं शिकलो, रविवारी सकाळी, आठ-नऊ जणांबरोबर. दोघं इतिहासाचे विद्यार्थी, बाकी सगळे जमिनीच्या नाहीतर जातीच्या कागदांपायी आलेले. मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, "आधी रेघ मारा." मोडी लिहिणारा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगतो. हात न उचलता लिहायचं, म्हणून शब्दांत फट नाही, विराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याची परीक्षा. शब्द कुठं तुटतो हे आपणच ठरवायचं आणि चुकलं तर माणूसच बदलतो. १९५० च्या सुमारास ही लिपी व्यवहारातून गेली, आणि एका पिढीत आपण आपल्याच घरातल्या कागदांपुढं निरक्षर झालो. आमच्या वडिलांना मोडी येत नव्हती. आजोबांना सहीपुरती येत होती.

लिपी फुटली तरी काळ फुटत नाही. जुन्या कागदात शक असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. फसली असेल तर ५९०. पण पेशवाईतला कागद असेल तर वर शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार, झाले ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६०. वर्ष मृग नक्षत्रापासून मोजायचं, म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपत झालं ते याच सालात. मराठी दौलतीचा सगळा हिशेब पावसाच्या पहिल्या नक्षत्रापासून सुरू होई. कारण सारा पिकावर अवलंबून आणि पीक पावसावर. हे गणित जमलं त्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला.

वाईकरांना यात एक जादा अभिमान आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो वाईत सापडलेल्या कागदांच्या आधारावर. त्यातला मोठा भाग पानिपताच्या वेळच्या पत्रांचा. पुढं हा माणूस गावोगावच्या माळ्यांवरून आणि कणग्यांतून कागद काढत आयुष्यभर फिरला. एकूण बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं त्यातही तो अग्रभागी होता. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडून पंचेचाळीस भाग छापले. तरी कोट्यवधी कागदांपुढं ती चिमूटभरच.

इनामदार, वतनदार, देशमुख-पाटील यांचे वंशज या दप्तरात खुशाल जावोत, त्यांना पूर्वज भेटतात. वतनाचा तंटा झाला की महजर व्हायचा, दोन्ही बाजू आपापली पिढीजात हकीकत लिहून द्यायच्या. पुढं इंग्रजांनी १८५२ मध्ये इनाम कमिशनचा कायदा केला आणि 'इनाम कशाचं, दाखवा' म्हणून विचारलं, तेव्हा घराघरातून कैफियती आणि वंशावळी निघाल्या. भांडणाशिवाय वंशावळ लिहिण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. त्या महजरांच्या खाली पाटलाच्या नावापुढं नांगर काढलेला असतो, शेट्याच्या नावापुढं तराजू. निशाणी नांगर. सही न येणाऱ्यानं आपलं अवजार काढायचं.

आमचे पूर्वज पाटील नव्हते. त्यांचा तंटा पेशव्यांपर्यंत जाण्याइतकी त्यांची जमीनच नव्हती.

*

तर कोतवाल बुक. १९१८ चा ऑक्टोबर महिना. सप्टेंबरापर्यंत पानावर महिन्याच्या चार-पाच मरणांच्या ओळी, सावकाश, नीट अक्षरात. ऑक्टोबर उघडला आणि पान काळं झालं. ओळीला ओळ चिकटलेली, पुढं पुढं अक्षर गिचमिड, मग मध्येच हस्ताक्षर बदललेलं. पहिला लिहिणारा पडला की काय, कोण जाणे. आधीच त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, त्यात ही साथ. लोक तिला मानमोडी म्हणत. वहीत हा शब्द कुठंही नाही. रोगाच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच, 'ताप'. 'ताप'. 'ताप'. इन्फ्लुएन्झानं हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं नेली असं इतिहासकार सांगतात. आमच्या गावापुरता तो दोन अक्षरी शब्द होता.

त्यातली एक ओळ पणजोबांची. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, वय सव्वीस, रोग ताप. आणि जातीच्या रकान्यात कसरीनं पाडलेलं भोक. गोल, नीटस, जणू मापून कापलेलं. खालच्या पानावरचं अक्षर त्यातून दिसत होतं.

तीन ओळी खाली त्यांचा चुलतभाऊ होता. त्याच्या नावापुढं 'कु.'. त्याच्या खाली दुसऱ्या एकाच्या पुढं 'मराठा'. एकच गाव, एकच भावकी, एकाच आठवड्यातली मरणं, आणि दोन जाती. लिहिणारा बदलला तशी जात बदलली. मी यावर भाषण करणार नाही. ज्यांना या आरक्षणाच्या वादात इकडून किंवा तिकडून बोलायचं आहे त्यांनी आधी अशी चार पानं स्वतः वाचावीत एवढंच म्हणतो. टाक कुणाच्या हातात होता आणि त्याला किती घाई होती, यावर शंभर वर्षांनंतर एका पोराची फी ठरते आहे.

शिवाय ही वही तरी ज्यांना गाव होतं त्यांची. जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा बघतात. २००१ च्या कायद्यानं तो देण्याची जबाबदारी अर्जदाराची. पालावर जन्मून पालावर मेलेल्या माणसानं १९६१ च्या आधीचा कुठला कागद आणायचा? ज्या जमातींवर १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला आणि तो स्वातंत्र्यानंतरही १९५२ पर्यंत पुसला नाही, त्यांच्यातल्या अनेकांचा जुन्यात जुना लेखी पुरावा पोलिसांच्या हजेरीचा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, जुन्या कागदांत महार पुरुषाच्या नावाला लागे तो प्रत्यय. ज्यांना पंढरपूरच्या देवळाची पायरी १९४७ पर्यंत बंद होती, त्यांच्या पूर्वजांची नावं बडव्यांच्या वहीत कुठून येणार? ती आली कंपनी सरकारच्या दगडावर.

*

आता तीर्थावरच्या या वह्यांकडं. त्र्यंबकेश्वराला नाहीतर नाशिकला गोदेवर उतरलात की पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं? आडनाव?" दोन्ही सांगा, दहा मिनिटांत तुमचा उपाध्याय हजर. त्याच्याकडं तुमच्या घराण्याची नामावळी असते. कोण, कधी, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, मागच्या पिढीत कोण कोण गेलं. येणाऱ्यानं स्वतःच्या हातानं सही करायची. ही काही इतिहासाची आवड नव्हे. यजमान कोणाचा हे ठरवायचा तो पुरावा आहे, उपाध्यायांच्या घरात वाटण्यांत या वह्यांचीही वाटणी होते. म्हणजे पुन्हा तेच, येणं असलं की नाव राहतं.

पण या वहीत सरकारी कागदात नसणारी एक गोष्ट असते. श्राद्धाला बाप, आजा, पणजा जसे लागतात तशा आई, आजी आणि पणजीही लागतात. आईचा बाप लागतो, त्याचा बाप लागतो. तलाठ्याला बाईचं माहेर कशाला हवं? पिंडाला हवं असतं.

आमच्या उपाध्यायांच्या माडीवर लाल कापडात बांधलेल्या वह्या होत्या. त्यांनी मोबाइलच्या उजेडात पान काढलं. आजोबा तिथं १९५२ मध्ये गेले होते, हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. वाकडी, जोर देऊन केलेली मोडी सही. वर उपाध्यायांच्या वडिलांच्या हातचं, बापाचं नाव, आजाचं नाव, मग आई. नदीचंच नाव. आणि मातामह म्हणून तिच्या बापाचं नाव, आडनाव, गाव. गाव वाचलं आणि आजी कधीतरी जे अर्धवट बोलायची ते लागलं. "आमच्या सासूबाईंचं माहेर पाण्यात गेलं." मला लहानपणी वाटायचं, पुरात.

वहीचं हे काम आपल्याकडं फिरत्या माणसांनीही केलं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडं सुगी झाली की हेळवी यायचे, पूर्वी सजवलेल्या बैलावर, आता मोटारसायकलवर. दारात बसून घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचून दाखवायची, नव्या पोरांची नावं चढवायची, धान्य-पैसा घ्यायचा. आमच्या आळीत आलेल्या एका हेळव्यानं एका घराची वंशावळ अशी धडाधड वाचली की घरमालकानं घाबरून विचारलं, "जमिनीचं पण लिहिलंय का?" तिकडं मॉरिशसमध्ये कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांची पणतवंडं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या गिरमिटियांच्या रजिस्टरांत आपलं गाव शोधतात. जहाजाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, काहींचा फोटोसुद्धा. पुन्हा मजुराचा हिशेब. गोव्यात तर पोर्तुगीजांनी १५९५ मध्येच दप्तरावर दियोगु दु कोतु हा इतिहासकार नेमला होता आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी त्याखेरीज. त्या बघायला मी गेलो तेव्हा घरी सांगितलं, पणजीला जातो. बायको म्हणाली, "सापडली का मग?"

*

आजी म्हणायची ते पाणी म्हणजे धोम धरणाचं. १९७० च्या दशकात कृष्णा अडवली आणि वरच्या अंगाची काही गावं त्यात गेली. माणसं कुठं कुठं वसवली. पण गाव बुडालं म्हणून दप्तर बुडत नाही. तहसिलीत बुडालेल्या गावांचे गठ्ठे कोरडे, बांधलेले, नाव लिहून फळीवर ठेवलेले असतात. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचंही असंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर दिसतं म्हणून लोक फोटो काढायला जातात. मला गाव या फळीवर दिसलं.

त्याआधी ट्रंकेतला एक कागद सांगायचा राहिला. आत्याकडं एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात लग्नपत्रिका, विम्याच्या पावत्या आणि तळाशी घडीवर फाटलेला एक स्टॅम्प. १९२३ चं गहाणखत. अ.पा.क. आईनं मुलाच्या वतीनं पाऊण एकराचा तुकडा सावकाराकडं गहाण ठेवलेला. कारण म्हणून लिहिलंय, 'घरखर्च व बी-बियाणे'. खाली साक्षीदारांच्या सह्या, एकाची निशाणी नांगर. आणि शेवटी तिची निशाणी. बाईला नांगर नाही काढता येत, बाईची निशाणी बांगडी. कुणी तरी बोरू हातात दिला असेल आणि तिनं गोल काढायला घेतला असेल. तो गोल जुळलेला नाही, दोन्ही टोकं एकमेकांना चुकवून पुढं गेली आहेत. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झालेल्या, बांगड्या फुटलेल्या बाईनं काढलेली ती बांगडी. आत्यानं तो कागद हातात घेतला, बघितला आणि पुन्हा घडी घालून माझ्याकडं दिला. म्हणाली, "जमीन सोडवली का पुढं?" सोडवली होती. १९३१ चा फेरफार आहे.

पण नदीचं ते नाव सासरचं असणार. लग्नात नाव बदलायची रीत आमच्याकडं आजही आहे, तेव्हा तर होतीच. वीस वर्षांची विधवा, म्हणजे जन्म १८९८ च्या आसपास. माहेरी तिला काय म्हणत? बापाचं नाव हाती होतं, गाव हाती होतं. अर्ज केला, फी भरली, दोन आठवड्यांनी बुडालेल्या गावचं जन्म-मरणाचं रजिस्टर टेबलावर आलं.

इंग्रजी सालं १८९४ ते १९०३. प्लेगाचे दिवस, पुढं दुष्काळाचे. पानं खडखडीत, अक्षर सुबक. या कुलकर्ण्याला घाई नव्हती. रकाने असे, अनुक्रमांक, तारीख, बापाचं नाव, जात, मूल पुरुष की स्त्री. मुलाच्या नावाचा रकाना नाही. बरोबरच आहे. वर्दी जन्मल्यावर दोन-चार दिवसांत जायची आणि बारसं बाराव्या दिवशी. नाव ठेवण्याआधीच नोंद होऊन गेलेली असायची. साताऱ्यात २०११ मध्ये 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना सरकारनं समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा मी त्यावर दोन पानी लेख लिहिला होता. त्या मुलींना निदान नाकारण्यापुरतं का होईना नाव होतं.

त्या बापाच्या नावापुढं दहा वर्षांत चार जन्म. १८९५, स्त्री. १८९७, स्त्री. १८९९, स्त्री. १९०२, पुरुष. मरणाच्या भागात १९०० च्या वैशाखात त्याच नावाखाली एक ओळ, स्त्री, वय नाही, रोग देवी. तीन मुलींपैकी एक गेली, दोन राहिल्या, आणि राहिलेल्या दोघींपैकी एक आमच्या घरी आली. कोणती, ते वही सांगत नाही.

जातीचा रकाना मात्र चारही ठिकाणी पूर्ण भरलेला आहे. संक्षेप नाही, खाडाखोड नाही, कसर नाही. सुबक मोडीत, कुणबी. कुणबी. कुणबी. कुणबी.

हे पुतण्याच्या कामाचं नाही. दाखल्याला बापाकडची नोंद लागते, आईच्या आईकडची चालत नाही, पणजीची तर नाहीच. मध्यंतरी 'सगेसोयरे' या एका शब्दावरून राज्यात जे रण माजलं ते याच रेषेवर. नक्कल घेऊन बाहेर आलो तेव्हा पुतण्याचा फोन आला.

"काका, नोंद सापडली का?"

"सापडली," मी म्हणालो. "तुझी नाही. तिघींची आहे."